रावजीची हाक

तुळशीरामाचे दोन्ही हात खाटेच्या लोखंडी दांड्यांना पट्टीनं बांधले होते आणि जनीला ते बघवत नव्हतं. बघवत नव्हतं म्हणून ती उठून व्हरांड्यात जायची. व्हरांड्यात जीव थाऱ्यावर राहायचा नाही म्हणून परत आत यायची. सिस्टरनं सांगून पाहिलं, मावशी, एका जागी बसा. एका जागी बसायला जनी काय पोस्टाची पेटी होती? थळच्या कोळीवाड्यातली बाई, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निम्मं आयुष्य चालण्यात गेलेलं. घरी जेवायला बसली तरी तिचा एक गुडघा उभाच असायचा.

म्हातारा जेट्टीवर घसरला आणि खुबा मोडला, इथपर्यंत सगळं समजण्यासारखं होतं. अलिबागजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं. पण दुसऱ्या दिवशी जागा झाला तो भलताच माणूस. बायकोला ओळखीना, मुलाला ओळखीना. डोळे छताला लागलेले आणि हात सारखे काहीतरी ओढतायत. सलाईनची नळी ओढून काढली. लघवीची नळी ओढली ती रक्तासकट आली. डॉक्टर म्हणाले, याला भ्रम म्हणतात, उतारवयात ऑपरेशननंतर पुष्कळांना होतो आणि बहुतेकांचा उतरतोही. पण उतरेपर्यंत नळ्या जागेवर राहायला नकोत का? म्हणून हात बांधले.

आणि खरी गोम तिथंच होती. बांधलेला माणूस उठून बसत नाही आणि उठून बसला नाही की छाती भरते. तुळशीरामाची भरायला लागली होती, श्वासात घरघर ऐकू येत होती. डॉक्टरांनी निकेशला, म्हणजे जनीच्या मुलाला, सांगून टाकलं की आजचा दिवस बघू. शांत झाले नाहीत तर उद्या नवी मुंबईला हलवायचं, तिथं औषधानं झोपवून मशीनवर ठेवतील. निकेशला ते पटलं, तो तिकडची सोय बघायला निघूनही गेला. जनीला पटलं नाही. झोपवलेला म्हातारा परत उठतो का, असं तिनं डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही, आणि सरळ उत्तर न देणाऱ्याच्या मनात काय असतं ते मासळी विकणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही.

त्या वॉर्डात रुचिका नावाची पनवेलची एक मुलगी यायची. गिटार, बासरी आणि कसली कसली वाद्यं घेऊन. रोग्याच्या उशाशी बसून त्याला बरं वाटेल असं काहीतरी वाजवायचं, गायचं, हीच तिची नोकरी. जनीला आधी रागच आला. घ्या, इथं माणूस टेकीला आलाय आणि यांना गाणी सुचतायत! पण शेजारच्या खाटेवर तळा तालुक्याकडचे दत्तात्रेय होते, भातशेती करणारे गृहस्थ, पाय मोडून पडलेले आणि दिवसभर कुरकुरणारे. वॉर्डातल्या पंख्यापासून आमटीपर्यंत त्यांना सगळ्याचा त्रास. ते त्या पोरीच्या बासरीनं घोरायला लागले तेव्हा जनीनं तिला मनगटाला धरून नवऱ्याच्या खाटेशी आणलं.

बाबांना काय आवडतं, असं रुचिकानं विचारलं. आणि इथं जनीनं माती खाल्ली. पोरीच्या सामानात डफासारखं एक गोल वाद्य होतं, दोन्ही अंगांनी मढवलेलं, पोटात बारीक मणी. हळूहळू कलतं केलं की मणी घरंगळत जायचे आणि हुबेहूब लाटेसारखा आवाज यायचा. जनी म्हणाली, हेच वाजव. उमर दर्यात गेली त्याची, त्याला दर्या ऐकव, घरी आल्यागत वाटंल.

कशाचं घर आणि कशाचं काय! पहिली लाट फुटली आणि तुळशीराम खाटेवर ताठ झाला. दुसऱ्या लाटेला त्यानं अशी ओढ घेतली की खाट फरशीवर करकरत सरकली. पाणी भरलं, पाणी भरलं, असं तो ओरडत होता आणि मधूनच एक नाव घेत होता. सिस्टर धावली, वॉर्डबॉय धावला, दत्तात्रेयांनी जागे होऊन सगळ्यांचा उद्धार केला. रुचिका वाद्य छातीशी धरून भिंतीला चिकटली, तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पोरीची काय चूक? जनीनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. कोळ्याला दर्याचा आवाज गोड लागतो तो पायाखाली जमीन असताना. खाटेच्या बुडाखालून लाट ऐकू आली तर कोळी काय समजणार? होडी बुडतेय, असंच समजणार.

आणि जे नाव तो घेत होता ते रावजीचं होतं.

रावजी तुळशीरामाचा धाकटा भाऊ. दोघे एकाच होडीवर जायचे. निकेश शाळेत होता त्या साली खांदेरी बेटाच्या बाहेर वादळानं त्यांना गाठलं आणि रावजी पाण्यात गेला. तुळशीरामानं दोर फेकला, रावजीनं तो धरला, इथपर्यंत होडीवरच्या बाकीच्यांनी पाहिलं. पुढचं कुणी पाहिलं नाही, मध्ये लाटेची भिंत आली. तुळशीराम घरी आला तो दोन्ही तळव्यांची सालटी निघालेली घेऊन. रावजी आला नाही, त्याचं अंगही सापडलं नाही. मागाहून नवगावच्या किनाऱ्याला तो दोर तेवढा लागला. अख्खा, कुठंही न तुटलेला.

रावजीची बायको काशी तो ओला दोर खांद्यावर टाकून जनीच्या दारात आली होती. सगळी आळी जमलेली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दोर तुटला न्हाय. मंग सोरला कोनी?"

सोरला म्हणजे सोडला. तुळशीरामानं मान खाली घातली ती घातली. त्या दिवशी उत्तर दिलं नाही आणि पुढंही कधी दिलं नाही. तेव्हापासून दोन जावा भिंतीला भिंत लावून राहत होत्या, बोंबील वाळत घालायच्या काठ्यासुद्धा शेजारी शेजारी, पण काशीनं थोरल्या दिराशी शब्द म्हणून टाकला नाही. जनीशी बोलायची ती भांडणापुरती. आणि जनीनं तरी नवऱ्याला कुठं विचारलं होतं? विचारलं असतं आणि त्यानं सांगून टाकलं असतं तर त्याच्या ताटात भाकर वाढताना हात मागं आला असता. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, अशा हिशेबानं तिनं संसार रेटला.

दुपारी म्हातारा थोडा दमला, पण हात थांबले नाहीत. बांधलेल्या मनगटांना जेवढी मोकळीक होती तेवढ्यात ओढ चालूच. रुचिकाला जायला हरकत नव्हती, तिचं त्या दिवसाचं काम झालं होतं. ती गेली नाही. झालं ते तिला लागलं होतं बहुतेक. ती पायथ्याशी बसून नुसती त्याच्या हातांकडं बघत राहिली. मग गिटारच्या लाकडावर बोटांनी हळू ठोकायला लागली आणि म्हणाली, "काकू, हे नुसते झटके देत नाहीयेत. ह्यांना ठेका आहे. ओढतात, मग थांबतात. आणि थांबले की कान देतात, बघा."

जनी बघायला वाकली. खरंच होतं. एक ओढ, मग थोडा थांबा, आणि त्या थांब्यात म्हाताऱ्याची मान तसूभर डावीकडं वळायची. कुणी काही बोलेल म्हणून वाट बघावी तशी. कुणीच काही बोलायचं नाही, मग तो पुन्हा ओढायचा. आधीपेक्षा जोरानं.

जनीला उमगलं. तो हाकेची वाट बघत होता.

मशीनवर जाळं ओढायचे दिवस यायच्या आधी होडीवर एक जण हाक द्यायचा आणि बाकीचे ओढायचे. हाक चालू असेतो हात सैल सोडायचे, दम घ्यायचा. हाक संपली की "हैसा" म्हणून सगळ्यांनी एकदम ओढायचं. हाक नसेल तर विसावाच नाही. जाळं वर आलं की नाही, हेही ओढणारा ठरवत नसे, हाक देणारा सांगे तेव्हा हात थांबत. आणि हाकेचे शब्द ज्याचे त्याचे असत, त्यानं स्वतः जुळवलेले. माणूस दर्यात गेला तर त्याची हाक गावात दुसरं कुणी घेत नसे. ती त्याच्याबरोबर गेली असं समजत. त्या होडीवर हाक द्यायचा तो रावजी. म्हणजे म्हातारा इतकी वर्षं मिटल्या तोंडानं वावरला आणि आता तोंड नाही तर हात बोलत होते. त्याच्या लेखी त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला रावजी होता.

जनीनं आधी स्वतःच प्रयत्न करून पाहिला. लाज गुंडाळून ठेवली आणि कुठलीशी ऐकलेली हाक म्हटली. तुळशीरामानं क्षणभर ऐकलं, मान फिरवली आणि असा ओढू लागला की पट्टीखालचं मनगट लाल झालं. रावजीचे शब्द जनीला येत नव्हते. त्या वेळच्या खलाशांतलं कुणी उरलं नव्हतं. ते शब्द येत असतील तर ते एकाच बाईला, जिच्या चुलीपुढं बसून रावजी ते गुणगुणायचा.

जनी उठली. रुचिकाला म्हणाली, पोरी, याच्यापाशी बस, मी आले. आणि नाक्यावर येऊन मिनिडोर रिक्षात बसली. गाडी भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना तेव्हा तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. थळपर्यंतचा रस्ता तिला कधी इतका लांब लागला नव्हता. काशीला काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य आपटून फुटत होतं.

काशी अंगणात सुकट निवडत होती. जनीला बघून तिनं मान वर केली नाही. जनीनंही आढेवेढे घेतले नाहीत. सांगितलं की म्हातारा बांधून ठेवलाय, उद्या नेतील, नेला तर परत येत नाही. सांगितलं की तो रावजीला ओढतोय आणि हाक मिळत नाही म्हणून थांबत नाही. तू ये, रावजीची हाक दे आणि शेवटी सांग की आला रावजी, होडीत आला. एवढंच कर, मग जन्मभर माझं तोंड बघू नकोस.

काशीचे हात थांबले. ती म्हणाली, "माजा मानूस बुडाला. आनि मी त्याला सांगू, वर आला म्हनून? खोटा बोलू मी, रावजीच्या नावानी?"

मग काशीनं बऱ्याच वर्षांनी तिच्याकडं नीट पाहिलं.

"त्यानी सोरला का, वयनी?"

न्हाय, असं म्हणायला जनीची जीभ तयार होती. एक शब्द आणि काम झालं असतं. बाजारात तिनं कालची मासळी आजची म्हणून किती जणांना विकली असेल, तिला कसली अडचण? पण तो शब्द काही बाहेर पडला नाही.

"मना म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "मी कदी इचारलाच न्हाय. भ्यायले."

काशी उठली आणि घरात गेली. दार लोटून घेतलं. जनी अंगणात उभी राहिली, मग अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून परत अंगणात. सुकटीवर कावळे बसले तेही तिनं हाकलले नाहीत. झालं, संपलं, आपण खरं बोलायला गेलो आणि नवरा घालवला, असं ती स्वतःला शिव्या देत होती तेवढ्यात दार उघडलं. काशीनं लुगडं बदललं होतं, पायात चपला घातल्या होत्या. ती जनीच्या पुढं चालायला लागली. ती नुसती बघायला चाललीय की आणखी कशाला, ते विचारायची जनीची छाती झाली नाही.

उन्हं कलली की म्हाताऱ्याचा भ्रम चढायचा. त्या पोचल्या तेव्हा तो चढणीलाच लागला होता. रुचिका अजून तिथंच होती, गिटारच्या लाकडावर तोच ठेका हळू धरून. हात सोडायला सिस्टर तयार होईना. जनीनं हात जोडले, वाद घातला, पुन्हा हात जोडले. शेवटी सिस्टर म्हणाली, सलाईन डाव्या हातात आहे, उजवा तेवढा सोडते, पण नळीला हात गेला की लगेच बांधणार. जनीनं पिशवीतलं धुतलेलं लुगडं काढलं, त्याला पीळ दिला आणि एक टोक नवऱ्याच्या उजव्या हातात दिलं. त्यानं ते घट्ट धरलं. दुसरं टोक तिनं काशीपुढं केलं.

काशीनं ते घेतलं आणि पायथ्याशी उभी राहिली. पण तोंड उघडेना. तुळशीराम ओढत होता, पीळ ताणला जात होता, काशी प्रत्येक ओढीबरोबर पुढं झुकत होती. तिची नजर त्याच्या तळव्यावर होती. मूठ सैल झाली की जुने वण दिसायचे, आता पांढरे पडलेले. जनीला वाटलं, ही फक्त बघून जाणार. इतक्या वर्षांचा सूड असा समोर हात बांधून पडलेला कुणाला मिळतो?

आणि काशीनं हाक दिली. आवाज बसका, सुकलेला.

"काशी माजी रुसली रं..."

तुळशीरामाचा हात जागच्या जागी सैल झाला. मान डावीकडं वळली. हाक संपली आणि त्यानं ओढलं. "हैसा." किती दिवसांनी त्याच्या तोंडून धड शब्द आला होता.

"भाकर तव्या करपली रं..."

"हैसा."

"ओढ दादा, घरा जाव..."

"हैसा."

दादा म्हणजे तोच. रावजी त्यालाच म्हणायचा. जनीनं पदर तोंडात कोंबला. रुचिकानं ठेका जरा उतरवला तशी काशीची हाकही उतरली, आणि म्हाताऱ्याची ओढसुद्धा. हाकेत दम घ्यायचा, हैसाला ओढायचं. त्याची घरघर त्या मापात बसत गेली. पुढच्या हाकेला शेजारच्या खाटेवरून जाडसर आवाजात "हैसा" आलं. दत्तात्रेयांनी जन्मात दर्यात पाय घातला नव्हता, पण लावणीला बायांच्या गाण्याला साथ दिलेली होती, त्यांना कुठं ओढायचं ते कळलं. मग पलीकडून आणखी कुणी. काशी तेच शब्द पुन्हा पुन्हा देत होती, नवऱ्यानं तिच्या रुसण्यावर केलेली थट्टा त्याच्या भावाला ऐकवत होती, आणि तिचा आवाज आता मोकळा झाला होता.

मग तुळशीराम थांबला. हातात पीळ तसाच, कपाळावर घाम.

"रावजी, जड झाला रं," तो म्हणाला. "हात सुटत चालला माजा."

रुचिकाचं बोट लाकडावर थांबलं. आता हाक देणाऱ्यानं सांगायचं होतं. सांग ग बाई, जनी मनात म्हणत होती, आला म्हण, एक शब्द म्हण, तुझ्या पाया पडते.

काशी खाटेच्या कडेनं पुढं आली. टोक तिनं सोडलं नाही. ती त्याच्या तोंडाशी वाकली.

"भावजी, सोरा."

तुळशीरामाच्या भुवया आखडल्या. मूठ आणखी घट्ट झाली.

"मी काशी. रावजीची बायको सांगते. तुमी लय ओढलात. सोरा आता त्याला."

"सोरू?" म्हाताऱ्यानं विचारलं. लहान पोरानं विचारावं तसं.

"सोरा."

बोटं एकदम उघडली नाहीत. आधी करंगळी, मग बाकीची, आणि लुगड्याचा पीळ चादरीवर पडला. त्याचे डोळे छतावरून खाली आले, काशीवर थांबले आणि भरून वाहायला लागले. सिस्टरनं काही न विचारता दुसऱ्या हाताची पट्टी सोडली. दोघींनी, म्हणजे जनीनं आणि सिस्टरनं, त्याला पाठीला धरून उठवून बसवलं. तो खोकला, पुष्कळ खोकला, छातीतलं सुटून आलं. मग तसाच जनीच्या खांद्यावर मान टाकून झोपी गेला. हात मांडीवर उघडे पडलेले, नळीकडं एकही जात नव्हता. सिस्टर म्हणाली, असेच राहिले तर उद्या हलवायची गरज पडणार नाही, मी डॉक्टरांना सांगते.

जनीला हसू येत होतं आणि रडू येत होतं आणि कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. तिनं नवऱ्याच्या डोक्यावरून बघितलं. काशी खाटेच्या कडेला उभी होती. लुगड्याचं आपलं टोक तिनं मुठीभोवती गुंडाळून घेतलं होतं, गच्च, आणि ती दोन्ही हातांनी ते हळूहळू आपल्याकडं ओढत होती. दुसऱ्या टोकाला आता कुणी नव्हतं, ते चादरीवरून सरपटत तिच्याकडं येत होतं. सिस्टर चादर सारखी करायला आली आणि लुगडं उचलायला वाकली.

जनीनं तिचा हात धरला. "असू दे," ती म्हणाली, "तिला येळ लागंल."